ज्युनिअर गोल्फ: मुलं स्पर्धेतून बाद होतात ती कुठे आणि कशी

क्रिकेट-फुटबॉलकडून गोल्फकडे वळलेल्या घराला पहिल्याच स्पर्धेत एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. इथे प्रत्येक गटाबरोबर पंच नसतो. सबंध कोर्सवर मोजके रेफ्री फिरत असतात आणि बाकी सगळा कारभार मुलांच्या हाती असतो. आपला बॉल हलला तर आपणच सांगायचं, आपली पेनल्टी आपणच लावायची, सोबत्याचा स्कोअर आपण लिहायचा आणि आपला त्याने. बारा वर्षांच्या मुलावर एवढा विश्वास टाकणारा खेळ क्वचितच सापडेल. म्हणूनच तो विश्वास मोडला, किंवा निष्काळजीपणाने त्याला धक्का लागला, तर शिक्षाही थेट स्पर्धेबाहेर काढण्याची.

पण एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. लबाडी करताना पकडली जाऊन बाद होणारी मुलं थोडी. बहुतेक मुलं साध्या चुकीपायी बाद होतात, आणि तेही चूक केल्यामुळे नाही, ती वेळेत न निस्तरल्यामुळे. नियमपुस्तक चुकांच्या बाबतीत तसं उदार आहे. एक किंवा दोन स्ट्रोकचा (फटक्यांचा) दंड घ्या, चूक सुधारा, पुढे चला. मात्र सुधारायला मुदत असते आणि ती बहुधा दोन जागी संपते: पुढच्या होलचा टी-शॉट, म्हणजे त्या होलचा पहिला फटका, मारला की, आणि स्कोअरकार्ड देऊन टाकलं की. या दोन जागी थांबून विचार करायची सवय मुलाला लावली, तर निम्म्याहून अधिक धोका तिथेच टळतो.

हा लेख स्ट्रोक प्ले, म्हणजे सगळे स्ट्रोक मोजण्याच्या स्पर्धेपुरता आहे, कारण मुलांच्या बहुतेक स्पर्धा त्याच पद्धतीच्या असतात. नियम आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांच्या १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आवृत्तीतले आहेत. इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धाही याच नियमांवर चालतात; त्यात स्पर्धेच्या अटी आणि त्या त्या कोर्सच्या स्थानिक नियमांची भर पडते. स्ट्रोक प्लेमध्ये बाद होणं म्हणजे एक राउंड जाणं नव्हे. तीन दिवसांची स्पर्धा असेल आणि मूल दुसऱ्या दिवशी बाद झालं, तर पहिल्या दिवसाचा चांगला स्कोअरही त्यासोबत जातो.

आदल्या दिवशी: कागद आणि बॅग

स्पर्धेच्या अटी आणि स्थानिक नियम असे दोन कागद मिळतात, किंवा मोबाइलवर येतात. ते मुलाबरोबर बसून वाचा. मुलाच्या वयोगटाला कोणत्या रंगाच्या टीवरून (होल सुरू करायच्या जागेवरून) खेळायचं आहे, अंतर मोजायचं यंत्र चालेल का, कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) आणता येईल का, पालकांनी कुठून चालायचं, प्रत्येक होलवर जास्तीत जास्त किती स्कोअर ही मर्यादा आहे का, आणि कार्ड नेमकं कुठे द्यायचं, एवढी उत्तरं त्यातून काढायची. जास्तीत जास्त स्कोअरची मर्यादा असेल तर तो आकडा गाठल्यावर बॉल उचललेला चालतो. मर्यादा नसेल तर प्रत्येक होलवर बॉल कपात गेलाच पाहिजे. लहान मुलांच्या स्पर्धांत दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे मागच्या महिन्यात काय चाललं यावर विसंबू नका.

मग बॅग रिकामी करून क्लब मोजा. मर्यादा १४ ची. मुलांच्या बॅगेत पंधरावा क्लब येतो तो भावंडाचा वेज, कोचने दिलेला सरावाचा क्लब किंवा "वापरून बघ" म्हणून आलेला नवा पटर यांच्या रूपाने. दंड ज्या होलवर जादा क्लब बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोक, पण राउंडभरात जास्तीत जास्त चार. २००१ च्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नम पहिल्या होलवर बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) मारून दुसऱ्या टीवर आला, तेव्हा बॅगेत दुसरा ड्रायव्हर असल्याचं कॅडीच्या ध्यानात आलं. दोन स्ट्रोक गेले. राउंड सुरू होण्याआधी लक्षात आलं असतं तर काहीच दंड नव्हता. आजच्या नियमाने तर राउंडआधी तो क्लब खेळातून बाहेर असल्याचं जाहीर करून बॅगेत तसाच ठेवला तरी चालतं.

इथपर्यंत फक्त स्ट्रोक जातात. बाद व्हायची वेळ पुढे येते. राउंडमध्ये पंधरावा क्लब सापडला की लगेच मार्करला (आपला स्कोअर लिहिणाऱ्या सोबत्याला) सांगून तो खेळातून बाहेर काढावा लागतो: बॅगेत उलटा ठेवा, नाहीतर बग्गीच्या तळाशी टाका. तसं केलं नाही, किंवा बाहेर काढलेल्या क्लबने पुन्हा शॉट मारला, तर मूल बाद. म्हणून मुलाला "क्लब मोज" एवढंच शिकवून भागत नाही. "जादा सापडला तर त्याच क्षणी मोठ्याने सांग आणि उलटा ठेव" हेही शिकवायला हवं. एकाच स्पर्धेत खेळणाऱ्या भावंडांनी एक पटर दोघांत वापरायचा नाही, हेही आताच सांगून टाका. त्यालाही जादा क्लबसारखाच दंड आहे.

बॉल मान्यताप्राप्त हवा. अनेक स्पर्धांत मान्य बॉलची यादी लागू असते आणि यादीबाहेरच्या बॉलला एक शॉट मारला तरी थेट बाद. बॉक्समधून आलेले खेळणीवजा बॉल आणि ड्रायव्हिंग रेंजवरचे बॉल बॅगेत ठेवूच नका. प्रत्येक बॉलवर पक्क्या शाईने खूण करा. एका गटात तिघांकडे एकाच कंपनीचा आणि एकाच क्रमांकाचा बॉल असणं अगदी नेहमीचं आहे.

लेझर रेंजफाइंडरमध्ये चढ-उतार धरून अंतर सांगणारी स्लोपची सोय असेल तर ती बंद करा आणि बंद केल्याचं सोबत्यांना दिसू द्या. यंत्र जवळ असण्याला हरकत नाही, ती सोय वापरली तर दोन स्ट्रोक. उपकरणांचा नियम ४.३ इथे नवख्यांना चकवतो: याच नियमाचा दुसऱ्यांदा भंग झाला की बाद, आणि दुसरी चूक पहिल्यासारखीच असायला हवी असं नाही. चौथ्या होलवर लय मिळावी म्हणून कानात गाणी लावली, बाराव्यावर स्लोप वापरला, की संपलं.

सकाळ: टी-टाइम

८:१० चा टी-टाइम म्हणजे आठ वाजून दहा मिनिटं आणि शून्य सेकंद, स्पर्धा चालवणाऱ्या कमिटीच्या घड्याळाप्रमाणे. त्या क्षणी मूल सुरुवातीच्या टीपाशी, खेळायला तयार हवं. प्रॅक्टिस ग्रीनवर (सरावाच्या आखूड हिरवळीवर) पटिंग करत असेल तर ते उशिरा आलं असंच धरतात. पाच मिनिटांपर्यंतच्या उशिराला पहिल्या होलवर दोन स्ट्रोक, त्यापुढे बाद. वेळेआधी शॉट मारला तरी हीच पट्टी लागू.

विलक्षण परिस्थितीत कमिटी सूट देऊ शकते, पण त्याचा अर्थ बहुतेक पालकांना वाटतो तसा नाही. वाट चुकली, गाडी बंद पडली, रस्त्यात ट्रॅफिक लागलं, या सबबी सर्वसाधारणपणे चालत नाहीत. अपघातात सापडलेल्याला वैद्यकीय मदत देण्यासाठी थांबावं लागलं, तर तो विचार होतो. पुण्याहून चेंबूरला किंवा मुंबईहून पुण्याला स्पर्धेसाठी येणाऱ्यांनी एक्स्प्रेस वेवरची घाटातली कोंडी हिशेबात धरूनच निघायचं, नाहीतर आदल्या रात्री मुक्काम करायचा. कोर्सवर टी-टाइमच्या तासभर आधी पोहोचा, आणि दहा मिनिटं उरली की मुलाला टीपाशी उभं करा.

एक बारीकशी गोष्ट. स्पर्धेच्या दिवशी राउंडपूर्वी स्पर्धेच्या कोर्सवर सराव करता येत नाही. "ग्रीन किती फास्ट आहे ते बघून ये" म्हणून मुलाला नवव्या ग्रीनवर एक बॉल पट करायला पाठवलं तर दोन स्ट्रोक, पुन्हा पाठवलं तर बाद. पहिल्या टीच्या आसपास पटिंग-चिपिंग आणि नेमून दिलेली प्रॅक्टिसची जागा यांना मोकळीक आहे. दिवसाचा राउंड संपल्यावर सराव चालतो, स्थानिक नियमाने मनाई नसेल तर.

राउंड: "पुढच्या टीआधी" हे घड्याळ

इथे चार चुका येतात आणि चौघींचा साचा एकच आहे: आधी दंड, मग सुधारणा, आणि सुधारायची मुदत पुढच्या होलच्या टी-शॉटपर्यंत. शेवटच्या होलवर ही मुदत कार्ड देईपर्यंत असते. मुदत टळली की बाद.

पहिली, चुकीच्या टीवरून सुरुवात. वयोगटांप्रमाणे टी वेगवेगळ्या असल्यामुळे मुलांत ही चूक मोठ्यांपेक्षा जास्त होते. पुढच्या पांढऱ्याऐवजी मागच्या निळ्यावरून, किंवा उलट. तो शॉट मोजायचा नाही, दोन स्ट्रोक लावायचे, योग्य टीवरून पुन्हा मारायचं; तो तिसरा स्ट्रोक ठरतो.

दुसरी, दुसऱ्याचा बॉल मारणं. त्या बॉलला मारलेले स्ट्रोक मोजत नाहीत. दंड घेऊन आपला बॉल शोधायचा आणि तिथून खेळायचं. शोधायला तीन मिनिटं मिळतात. रफमध्ये (उंच गवतात) बॉल दिसला की मारण्यापूर्वी त्यावरची खूण बघायची. खूण दिसत नसेल तर बॉलची जागा टीने किंवा नाण्याने दाखवून, उचलून ओळखता येतं. फक्त ओळखण्यापुरता पुसायचा, धुवायचा नाही.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. मुलाचा टी-शॉट पांढऱ्या खुंट्यांबाहेर, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स जातो. सरावात सगळे करतात तसं ते कुंपणापाशी बॉल ड्रॉप करून, म्हणजे हातातून खाली सोडून, पुढे खेळू लागतं. स्पर्धेत हे चालत नाही. बॉल हरवला किंवा बाहेर गेला तर जिथून मारला तिथेच परत जायचं, एक स्ट्रोक दंड घेऊन. कुंपणापाशी ड्रॉप करून मारलेला शॉट म्हणजे चुकीच्या जागेवरून खेळणं, आणि दीडशे-दोनशे यार्डांचा फायदा झाल्यामुळे तो गंभीर भंग. बॉल बाहेर गेल्याचा एक स्ट्रोक आणि चुकीच्या जागेचे दोन, असे तीन दंड घेऊन मागे टीवर जाऊन सुधारलं तर खेळ चालू राहतो. चुकीच्या जागेवरून मारलेले स्ट्रोक मोजत नाहीत. पुढच्या टीवर शॉट मारला तर मात्र परतीचा रस्ता नाही. काही क्लबांत दोन स्ट्रोक घेऊन पुढे ड्रॉप करायची मुभा देणारा स्थानिक नियम असतो, पण तो मुख्यतः रोजच्या खेळासाठी. स्पर्धेच्या कागदात तो लिहिला नसेल तर तो नाही असंच धरा.

या सगळ्यावर उपाय आहे प्रोव्हिजनल बॉल. बॉल बाहेर किंवा हरवला असावा असं वाटलं की पुढे जाण्याआधी दुसरा मारून ठेवायचा. मारण्यापूर्वी "मी प्रोव्हिजनल मारतोय" हे शब्द सोबत्यांना ऐकू जायला हवेत. "अजून एक मारतो" म्हटलं तर तो प्रोव्हिजनल ठरत नाही. तोच बॉल खेळात येतो, एक दंड लागतो, आणि पहिला बॉल नंतर फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मध्यभागी सापडला तरी उपयोगाचा नाही. बुजऱ्या मुलांना हे मोठ्याने बोलायला जमत नाही. सरावातच बोलून घेत चला.

चौथी, होल पूर्ण न करणं. घरच्या खेळात "दिला रे" म्हणत फूटभरावरचा बॉल उचलायची सवय लागलेली असते. स्ट्रोक प्लेमध्ये असा कोणी कुणाला पट देऊ शकत नाही. उचलला असेल तर एक स्ट्रोक दंड घेऊन तो जागेवर परत ठेवायचा आणि कपात घालायचा. ते न करता पुढच्या टीवर शॉट मारला तर स्पर्धा संपली. मुलांना आम्ही एकच आवाज लक्षात ठेवायला सांगतो, बॉल कपात पडल्याचा. तो ऐकल्याशिवाय ग्रीन सोडायची नाही.

शंका आली तर दोन बॉल

रेफ्री जवळ नाही, सोबत्यांत वाद आहे, मागचा गट टेकलाय. अशा वेळी मुलं घाबरून काहीतरी एक करून टाकतात. नियम २०.१क यासाठीच आहे आणि नवख्यांना तो जवळजवळ कधीच ठाऊक नसतो.

पावसाळ्यातलं उदाहरण घेऊ. मुलाचा बॉल फेअरवेच्या कडेला साचलेल्या पाण्यात आहे. शेजारीच लाल खुंट्यांचा नाला. हे पाणी तात्पुरतं, म्हणजे मोफत ड्रॉप मिळणारं, की नाल्याच्या हद्दीतलं, हे कळत नाही. मुलाने पुढचा शॉट मारण्याआधी मार्करला सांगायचं: "मी इथून दोन बॉल खेळतोय. नियमात बसत असेल तर ड्रॉप केलेला बॉल धरायचा." मग एक बॉल पडल्या जागेवरून, दुसरा ड्रॉप करून, दोन्ही कपापर्यंत. समजा एकाने ५ झाले आणि दुसऱ्याने ४. दोन्ही आकडे कार्डाच्या कडेला लिहून ठेवायचे. कोणता बॉल धरायचा ते आधी सांगितलं नाही तर जो आधी खेळला तो मूल निवडल्यासारखा धरला जातो.

यात एक फट आहे. कार्ड देण्यापूर्वी ही गोष्ट कमिटीला सांगायलाच हवी, दोन्ही बॉलने स्कोअर सारखाच आला असला तरी. "दोन्हींनी पाचच झाले, मग कशाला सांगायचं" असं म्हणून गप्प राहिलेलं मूल बाद होतं.

रेफ्रीला बोलावणं शक्य असेल तर आधी तेच करा. हात वर करून थांबायचं. या वेळात मागच्या गटाला पुढे जाऊ देता येतं. फक्त एक ध्यानात घ्या, रेफ्रीने दिलेला निर्णय अंतिम असतो. आपल्या मनासारखा आला नाही म्हणून दुसऱ्याला विचारत फिरता येत नाही.

पालक, कॅडी आणि संथ खेळ

दोरीपलीकडून "सेव्हन आयर्न घे" म्हणणं हा सल्ला आहे. मुलाने विचारलं असेल तर त्याला दोन स्ट्रोक. न विचारता तुम्ही बोललात तर पहिल्यांदा त्याला दंड नाही, पण त्याच माणसाकडून सल्ला येतच राहिला आणि मुलाने थांबवायचा प्रयत्न केला नाही, तर ते विचारल्यासारखंच धरतात. दंड मुलाला बसतो, बोलणाऱ्याला नाही. अनेक ज्युनिअर स्पर्धांत पालकांना कॅडी व्हायला मनाई असते आणि ठरावीक अंतर राखून चालायचा नियम असतो. पाणी, छत्री, सुकामेवा द्यायला हरकत नाही. हातवारे नकोत, खुणेने क्लब सुचवणंही सल्ल्यातच मोडतं.

संथ खेळाला मूळ नियमात पहिल्यांदा एक स्ट्रोक, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा बाद. आपली पाळी आल्यावर साधारण ४० सेकंदांत शॉट मारावा ही अपेक्षा. वय कमी म्हणून सूट मिळत नाही. २०१३ च्या मास्टर्समध्ये चीनचा ग्वान तियानलांग १४ वर्षांचा होता. दुसऱ्या राउंडमध्ये सतराव्या होलवर त्याला संथ खेळाबद्दल एक स्ट्रोक लागला. त्याने तो वाद न घालता घेतला आणि शेवटच्या दोन राउंडसाठी पात्रही ठरला. आम्हाला वाटतं, मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

सायरन

एक लांबलचक सायरन म्हणजे खेळ तत्काळ बंद, बहुधा विजेमुळे. छोटे तीन आवाज म्हणजे नेहमीची स्थगिती, दोन म्हणजे पुन्हा सुरुवात. बहुतेक स्पर्धा हीच खूण वापरतात. तरी कागदावर तपासा. लांब सायरननंतर "एवढा पट घालून घेतो" म्हणून मारलेला एक स्ट्रोकही बाद करतो, आणि ते योग्यच आहे. उघड्या माळावर हातात धातूची काठी धरून उभ्या राहिलेल्या मुलाच्या जिवाचा प्रश्न असतो. सायरनची वाटही बघायची गरज नाही. वीज जवळ आली असं मुलाला खरंच वाटलं तर ते स्वतः थांबू शकतं, फक्त लवकरात लवकर कमिटीला कळवायचं. जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गडगडाटी दुपारी हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

जिथे माफी नाही

वर सांगितलेल्या बहुतेक चुकांतून सुटायला वाट असते. पुढच्या दोन गोष्टींत ती नाही. एक, पेनल्टी लागली हे ठाऊक असून ती मुद्दाम न लावणं. दुसरी, दोघांनी किंवा गटाने मिळून नियम बाजूला ठेवायचं ठरवणं. "आज छोटे पट देऊन टाकू", "बाहेर गेला तर कुंपणापाशीच ड्रॉप करू, वेळ वाचेल", एवढं ठरवून राउंड सुरू केला की सगळे बाद, अजून कुणी तसं प्रत्यक्ष केलं नसलं तरी. मार्करने मैत्रीखातर जाणूनबुजून चुकीचा स्कोअर प्रमाणित केला तर मार्करही बाद होतो. अशा जाणूनबुजून केलेल्या गोष्टी बक्षीस समारंभानंतर उघड झाल्या तरी निकाल बदलता येतो.

वर्तनाचंही तसंच. क्लब फेकणं, ग्रीनवर क्लब आपटून खड्डा पाडणं, शिव्या, यासाठी कमिटी आचारसंहिता लावते आणि तिच्यात चढता दंड असतो. गंभीर गैरवर्तन असेल तर पहिल्याच वेळी बाद करायचा अधिकार कमिटीला आहे.

दुसऱ्या बाजूने, मुलाला उगाच भीती घालू नका. बॉल नाल्याची हद्द कुठे ओलांडून गेला अशा अंदाजाच्या बाबतीत मुलाने प्रामाणिकपणे विचार करून जागा ठरवली असेल, तर नंतर व्हिडिओत ती थोडी चुकलेली दिसली तरी तो निर्णय मान्य होतो. साध्या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं असं काही दुसऱ्या पालकाने मोबाइलवर झूम करून दाखवलं, म्हणून दंड लागत नाही.

स्कोअरकार्ड

सगळ्यांत जास्त रडारड होते ती इथे, आणि ती पूर्ण टाळता येण्यासारखी असते. कार्डाचा नियम ३.३ब. मूल प्रत्येक होलच्या आकड्याला जबाबदार आहे. बेरजेला नाही, ती कमिटी करते. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी लिहिलं तर बाद. जास्त लिहिलं तर तेवढाच स्कोअर कायम. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्तो दे विसेन्झोने सतराव्या होलवर ३ मारले होते, मार्करने ४ लिहिले, त्याने सही केली, आणि एका स्ट्रोकने त्याचा प्लेऑफ हुकला. १९५७ च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये जॅकी पंगची बेरीज बरोबर होती, पण चौथ्या होलला ६ ऐवजी ५ लिहिलेले होते; जिंकलेली स्पर्धा गेली. जॉर्डन स्पीथसारखा खेळाडूही २०२४ च्या जेनेसिस इन्व्हिटेशनलमध्ये चौथ्या होलला ४ ऐवजी ३ असलेल्या कार्डावर सही करून बाद झाला.

मुलांत कमी आकडा कसा पडतो ते बघा. पार ४ चा, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला होल. टी-शॉट बाहेर, हा पहिला. दंड, दुसरा. पुन्हा टीवरून, तिसरा. ग्रीनवर, चौथा. दोन पट, सहा. मूल मनात "टी, टी, ग्रीन, दोन पट" असे मारलेले शॉट मोजतं आणि ५ सांगतं. मार्करचं लक्ष स्वतःच्या खेळात, तोही ५ लिहितो. इथे बारीक पण निर्णायक फरक आहे. पेनल्टी लागली हेच मुलाला माहीत नव्हतं, तर नंतर कळल्यावर कमिटी फक्त ती स्कोअरमध्ये वाढवते, बाद करत नाही. पण पेनल्टी ठाऊक होती आणि लिहायची राहून गेली, तर ही सवलत नाही. पूर्वी ही सवलत मुळातच नव्हती. २००५ मध्ये मिशेल वी, नुकतीच १६ वर्षांची, व्यावसायिक म्हणून पहिल्याच स्पर्धेत बॉल मूळ जागेपेक्षा होलच्या जवळ ड्रॉप केल्याचं दुसऱ्या दिवशी पुढे आल्यामुळे बाद झाली.

कार्डाचं काम या क्रमाने करा:

१. पहिल्या टीवर कार्ड हाती आलं की त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. आपल्याकडे सोबत्याचं कार्ड असतं, आपलं त्याच्याकडे.

२. प्रत्येक होलनंतर, पुढच्या टीवर जाताना, मार्करला आकडा सांगा आणि त्याचा विचारा. दंड वेगळा उच्चारा: "सहा, त्यात एक पेनल्टी." स्वतःचा स्कोअरही कडेच्या रकान्यात लिहीत जा.

३. राउंड संपला की स्कोअरिंगच्या जागी बसा. आई-बाबांना भेटणं, पाणी, फोन, सगळं नंतर.

४. एकाने मोठ्याने अठराही आकडे वाचायचे, दुसऱ्याने आपल्या नोंदीशी ताडायचे. शंका असलेल्या होलचे शॉट एकेक करून आठवायचे.

५. नियमाबद्दल प्रश्न असेल, किंवा दोन बॉल खेळले असतील, तर आत्ताच कमिटीला सांगा.

६. मार्करची सही, मग आपली. सही राहिली तर मूळ नियमाने बाद. काही स्पर्धा स्थानिक नियमाने तो दंड दोन स्ट्रोकवर आणतात.

७. कार्ड द्या आणि मगच जागा सोडा. जागा सोडली की कार्ड दिलं असं धरतात आणि पुढे एक अक्षर बदलता येत नाही. २००८ मध्ये मिशेल वीच पुन्हा एकदा बाद झाली, कारण सही न करताच ती स्कोअरिंगच्या तंबूतून बाहेर पडली होती. नंतर परत येऊन सही केली, उपयोग झाला नाही.

मोबाइल अॅपवर स्कोअर भरायचा असेल तरी हाच क्रम; आकडे ताडल्याशिवाय शेवटचं बटण दाबायचं नाही.

तरीही बाद झालं तर

मुलाला बाजूला बसवा आणि कमिटीशी एकाच मोठ्या माणसाने बोला. तीन गोष्टी विचारा: नियमाचा क्रमांक कोणता, कमिटीने कोणती वस्तुस्थिती धरली, आणि ती कोणी सांगितली. कमिटीपुढे न आलेली एखादी गोष्ट तुमच्याकडे असेल, जसं मार्करला दिलेली सूचना ऐकणारा तिसरा सोबती, तर ती तेव्हाच मांडा. चुकीचा निर्णय शक्य तिथे सुधारायची तरतूद नियमात आहे. "बाकीचे पण असंच करतात" हा मुद्दा नाही, आणि ज्या मुलाने चूक दाखवून दिली त्याच्या पालकांकडे जाऊन भांडणं तर मुळीच नको. चूक दिसल्यावर सांगणं हे सोबत्याचं कर्तव्यच आहे, ते त्याने गटातल्या सगळ्यांसाठी केलेलं असतं.

नियमाचा क्रमांक वहीत लिहून घ्या. पुढच्या सरावाच्या वेळी तोच प्रसंग कोर्सवर मांडा: त्याच जागी बॉल ठेवा, मुलाला मार्करशी बोलायला लावा, दंड मोजायला लावा, कार्डावर आकडा लिहायला लावा. पुस्तक वाचून नियम ३.३ब पाठ होतो. सोबत्याकडे बघून "सहा, त्यात एक पेनल्टी" म्हणायला मात्र तोंडाला सवयच लागते.